पायाखालचं पत्र

मित्रांनो, मी वह्यांना तारेचे टाके घालणारी एक जुनी मशीन आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगते, कारण तिच्यात एक पत्र आहे आणि त्याला बारा वर्षं उत्तर गेलं नव्हतं.

मी बनले त्या कारखान्यात माझ्या पोटात एक सेन्सर बसवला आणि पाठीवर ठिपक्यांचा चौकोनी कोड. माझं लोखंड कुठल्या मोडक्या यंत्रांतून आलं, कोणता भाग कोणी बसवला, सगळं त्या कोडमागे नोंदलेलं. मी किती तापते, किती थरथरते, हे सेन्सर कारखान्याला कळवायचा. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं. मशीन एकदा दाराबाहेर गेली की तिची विचारपूस कोण करतं?

त्यांनी केली. माझे मालक बाइंडरकाका, त्यांना पत्र आलं: ‘तुमची मशीन डावीकडे थरथरते. तिच्यासोबत बनवलेल्या बाकीच्या थरथरत नाहीत. कारण कळवाल का?’

काकांनी ते तीनदा वाचलं. “एवढ्या शिकलेल्या लोकांना मी काय लिहिणार?” असं पुटपुटले. मग त्याच पत्राच्या घड्या घालून ते माझ्या डाव्या पायाखाली सरकवलं. तिथली फरशी खचली होती. माझी थरथर थांबली.

पुढे मी हजारो वह्या शिवल्या. “हिच्या वहीचं पान सुटत नाही,” असं लोक म्हणत. पण पत्र दबून दबून पातळ झालं, मी पुन्हा थरथरू लागले, आतला दांडा झिजला. टाके वाकडे पडू लागले, तसे काका माझ्यावर खळीचे डबे ठेवू लागले. एके दिवशी भंगारवाला आला.

“अख्खी उचलणार नाही हं मी. घणानं फोडूनच नेणार.”

“थांबा जरा,” काकांची भाची म्हणाली. तिनं पाठीवरची धूळ पुसून कोडवर मोबाइल धरला आणि कारखान्याला फोन लावला.

सेन्सरच्या नोंदी बघून तिथल्या इंजिनिअरबाई स्पीकरवर म्हणाल्या, “दांडा झिजलाय. बंद पडलेल्या एका मशीनचा चांगला दांडा आहे आमच्याकडे. पण सांगाडाच वाकला असेल, तर हिला वितळवावं लागेल. बारा वर्षांपूर्वी हिची थरथर एका दिवसात थांबली होती. काय केलं होतंत?”

काकांनी माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं.

“मामा, बोल ना. तो घण घेऊन उभाय.”

“पायाखाली पत्र घातलं होतं.”

“कुठलं पत्र?”

“तुमचंच. फरशी खचलीय इथली.”

पलीकडून हसू ऐकू आलं. “म्हणजे दोष फरशीचा, सांगाडा ठीक आहे. पाठवून द्या. आणि हे लिहूनही कळवा, आमच्या नोंदीला लागेल.”

“म्हणजे माझी फेरी फुकट?” भंगारवाला कुरकुरला. भाचीनं त्याला खळीचे रिकामे डबे दिले.

मी दुसरीचा दांडा घेऊन परत आले. माझा झिजलेला दांडा वितळून कशाच्या तरी कामी येईल. आता मला वरखाली होणारे स्क्रूचे पाय आहेत. नव्या मशिनींनाही तसेच बसवतात म्हणे. मी कुणाला काही शिकवावं एवढी मोठी नाही, पण मित्रांनो, वस्तू फेकण्याआधी तिला काय होतंय ते बघा आणि बनवणाऱ्याला कळवा.

पत्र मात्र राहिलंच होतं. काकांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: ‘आपलं पत्र मिळालं. फरशी खचली होती. उशिराबद्दल क्षमा असावी.’ भाचीनं हात पुढे केला, पण पाकीट तिला न देता ते स्वतःच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. मला दारातून दिसत होतं. पाकीट आत सोडून, ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत काका तिथेच उभे राहिले.