पुलापलीकडचं गवत

रावेरच्या हायस्कुलात मराठी शिकवणारे गिरधर झोपे जळगावच्या एका साप्ताहिकात पुस्तकांची परीक्षणं लिहीत. ते कुणाचं वाईट चिंतत नसत. फक्त पुस्तक शेवटपर्यंत वाचत आणि जे वाटलं ते लिहीत. त्यामुळे जिल्ह्यातल्या कवींनी त्यांच्याकडे संग्रह पाठवणं हळूहळू बंद केलं. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात परीक्षणाला काहीच उरलं नाही, तेव्हा संपादकांनी त्यांच्या हातात धुळ्याहून आलेला ‘झेपवीर’ नावाच्या चित्रकथेचा अंक ठेवला.

“हे मुलांचं आहे,” झोपे सर म्हणाले.

“व्हिडिओ गेमवरून काढलंय. आधी एकदा निघत होतं, बंद पडलं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. हा नव्या मालिकेचा दुसरा अंक.”

“मग जुनेही अंक द्या.”

संपादकांनी कपाटावरची धूळ झटकून तेही दिले.

सरांनी सगळे अंक केळीच्या ट्रकांमागे रखडलेल्या एसटीत वाचले. जुन्या मालिकेत झेपवीर एका तुटक्या पुलावरून उडी मारून पलीकडे जाई. तिथे मिठाचं गाव होतं, तिथला राजा कधी झोपत नसे आणि त्याची मुलगी वाऱ्याचं सूत कातत असे. शेवटी झेपवीर एका विहिरीत पडून मरत होता. नव्या मालिकेत तो पुन्हा जिवंत होता आणि याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. दुसऱ्या अंकात तो पुलापर्यंत आला आणि थांबला. अंकाची उरलेली सगळी पानं तो पुलाकडे बघत उभा होता. एका पानावर ढग होते. दुसऱ्यावर नव्हते.

“नायक का थांबला, हे कळत नाही,” एवढं वाक्य लिहून सरांनी पेन खाली ठेवलं. मूळ कृती न बघता रूपांतराविषयी लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, बेबाबाईंनी विचारलं, “जळगावला काहून?”

“व्हिडिओ गेम खेळायला.”

“मंग येताना सुया आणजा. मशीनच्या.”

जळगावच्या स्टँडमागे तोताराम नावाच्या माणसानं एका गाळ्यात टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. कोट घातलेलं गिऱ्हाईक त्यानं प्रथमच पाहिलं. त्यानं स्वतःची खुर्ची दिली आणि झेपवीरचा खेळ लावून दिला.

झोपे सर पडद्यावरच्या कुरणात पहिल्या कासवाला धडकून मेले. मग खड्ड्यात पडून मेले. पुन्हा त्याच कासवाला धडकून मेले.

“सर, उडीचं बटण दाबावं लागतं,” तोताराम म्हणाला.

“मी दाबतोय.”

“ते गोळीचं आहे.”

त्यानंतर सर दर शनिवारी जाऊ लागले. संपादकांनी परीक्षणाची आठवण करून दिली, तेव्हा “वाचन चालू आहे” असं त्यांनी कळवलं. अंगठ्याला घट्टा पडला. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू टोचू लागला. बेबाबाईंनी रोज रात्री त्यावर कोमट तेल लावलं आणि यात काही विशेष आहे असं दाखवलं नाही.

फाल्गुन लागता लागता एकदा झेपवीर पूल ओलांडून पलीकडे पडला. दुकानातले सगळे आपापले खेळ सोडून सरांच्या मागे येऊन उभे राहिले. सरांनी पलीकडे काय आहे ते नीट बघितलं, उठले आणि थेट धुळ्याची एसटी पकडली.

झेपवीर काढणारा भिकन देवरे धुळ्यात ट्रक रंगवत असे. मोकळ्या वेळात तो चित्रकथा काढी आणि लग्नपत्रिकांच्या छापखान्यात छापून घेई. सर पोचले तेव्हा तो एका ट्रकच्या मागच्या फळीवर मोर रंगवत होता. सरांनी नाव सांगितल्यावर त्याचा ब्रश थांबला. धुळ्यातल्या कवींनाही हे नाव ठाऊक होतं.

“एकच विचारायचं होतं,” सर म्हणाले. “दुसऱ्या अंकात तो पुलाशी का थांबला?”

भिकननं ब्रश घासलेटच्या डब्यात बुडवला. “खरं सांगू सर? मी त्या पूलना पुढे कधी गयाच नही.”

“जुन्या मालिकेत तर पुढचं सगळं आहे.”

“ते मनानं काढेल व्हतं. मंग पोरेसनी पत्रं उनात, की गेममा असं काहीच नही, तुम्ही खोटं काढतस. माले लाज वाटनी. म्हणीसन बंद करं. आते ठरायं, जे खरं शे तेच काढानं. पण माले ती उडीच जमत नही.”

सर बाजूच्या टायरवर बसले.

“मी गेलो पलीकडे,” सर म्हणाले.

भिकन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “तठे काय शे?”

खोटं बोलायचा विचार सरांच्या मनात येऊन गेला. मिठाचं गाव आहे, असं सांगितलं असतं तर या माणसाचा चेहरा फुलला असता. पण त्यांना ते येत नव्हतं.

“तेच कुरण आहे. तीच कासवं. फक्त गवत लाल आहे.”

“आखो काहीच नही?”

“नाही. त्याच्यापुढे पुन्हा पूल आहे.”

भिकननं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, “लाल म्हणजे कसं लाल? कुंकूनागत, का मिरचीनागत?”

सरांनी डोळे मिटून आठवलं. “वाळायला घातलेल्या मिरचीसारखं. कडेला जरा काळपट.”

भिकन उठला आणि रंगाचे डबे उघडू लागला.

सरांचं परीक्षण पुढच्या आठवड्यात छापून आलं. नायक पुलाशी थांबतो, कारण लेखक थांबला आहे, असं त्यांनी लिहिलं. ही अडचण प्रामाणिक असली, तरी तिनं पानं भरत नाहीत. मूळ खेळ आपण पाहिला असून पुलापलीकडे लाल गवताखेरीज नवं काहीही नाही. तेव्हा तिथे काय असावं हे ठरवायचा अधिकार लेखकाचाच आहे आणि पत्रं लिहिणाऱ्या वाचकांनी याची नोंद घ्यावी. मिठाचं गाव आपल्याला आवडलं होतं, हे वाक्य त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा राहू दिलं.

तिसरा अंक चैत्रात आला. झेपवीर उडी मारून लाल गवतात उतरला. तिथे एक बाई विळ्यानं गवत कापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, कुणाचा रे तू? तो तिच्याजवळ बसला आणि अंक संपेपर्यंत आपली हकिगत सांगत राहिला.

सरांनी तो वाचून बेबाबाईंच्या हातात दिला. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली आणि त्या बाईच्या चित्रावर बोट ठेवलं.

“विळा डाव्या हातात धरला हिनं.”

“चूक आहे का?”

“नाही,” बेबाबाई म्हणाल्या. “डावरी असंल.”