बाराव्या गाडीची चाकं

गाडी माझ्या नावावर घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा मी मनातल्या मनात मिरवून घेतलं होतं. त्या मानाची किंमत पुढे मोजावी लागेल, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

जळगावच्या शोरूममध्ये मोहिनी नावाची हसतमुख मुलगी टॅबवर एकेक पान पुढे सरकवत होती. बॅटरीवरची छोटी मालगाडी, रंग पांढरा, मागे उघडा हौदा. इथपर्यंत सगळं गोडीत झालं. मग चाकांचं पान आलं.

"दोन प्रकार आहेत मॅडम," मोहिनी म्हणाली. "हे बारीक, गुळगुळीत टायर. हलके पळतात, एका चार्जमध्ये जास्त लांब जातात. आणि हे जाड, खोल नक्षीचे. चिखलात पकड धरतात, पण जड चालतात. एकदा ऑर्डर गेली की बदलता येत नाही हं."

"जाड," माझा नवरा समाधान म्हणाला.

"बारीक," मागून सासरे म्हणाले.

सासरे म्हणजे हिलाल आबा हट्टाने आमच्याबरोबर आले होते. आबा आमच्या गावचे भगत. धरणगावपासून आत आमचं गाव आहे. तिथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमातेच्या बारागाड्या निघतात. माणसांनी भरलेल्या बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या आणि भगताने दोर कमरेला बांधून त्या देवळापर्यंत ओढायच्या. दोन्ही बाजूंना आधाराला बगले असतात, पण नाव भगताचं. शेवटची गाडी भगताच्या घरची, ही रीत. आमची बैलगाडी मागच्या पावसाळ्यात मोडली, त्यामुळे यंदा बारावी गाडी हीच. आणि आखाजी महिन्यावर आलेली.

गेल्या वर्षी आबांनी माझ्या पोटातल्या बाळासाठी नवस बोलून दोर बांधला होता. गाड्या अर्ध्या वाटेत थांबल्या. पंधरवड्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. आबांनी ते ऐकलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर दिली नाही. आता मला पुन्हा दिवस आहेत, चौथा महिना, आणि आबांनी पुन्हा नवस बोलला आहे. गाड्या थांबतात म्हणून बाळं जात नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. निदान दिवसाउजेडी तरी ठाऊक असतं.

"आबा, वावरमा फसी ना ते!" समाधान चिडला. "भेंडी काय डोकावर वाहू? पानी पडनं का चाक चिखलमा!"

"वावरनं नंतर दखू. आखाजीनं काय?"

"आखाजीना एक दिन शे. वावर बठ्ठं साल शे!"

शोरूममधली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. माझ्या नाकी नऊ आले. नवऱ्याचं बरोबर होतं. आमची काळी माती पाऊस पडला की चाकाला लोण्यासारखी लपेटते. मीही म्हटलं, "आबा, जाडच घेऊ. तुमचं वय झालं, यंदा दुसरं कुणी ओढेल."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मागला सालले मना पाय डगमगनात, माय. मनामुये तुन्हं लेकरू गये. आते काय तोंड दखाडू?"

वर्षभर हा माणूस हे गिळून बसला होता. "नाही हो आबा," मी म्हटलं.

मोहिनी बिचारी गांगरली. "बाहेर दोन्ही टायरांच्या गाड्या उभ्या आहेत," ती म्हणाली. "ढकलून बघता का, काका?"

आबा टोपी काढून बाहेर गेले. मोहिनीने गाडीचा ब्रेक सोडला. जाड टायरांच्या गाडीला आबांनी खांदा लावला. गाडी हलली नाही. ते गुळगुळीत चाकांच्या गाडीकडे वळले. दोन्ही हात लावले, मान खाली घातली, मानेच्या शिरा फुगल्या. गाडी वीतभर पुढे गेली आणि फरशीच्या जराशा उतारावरून परत त्यांच्याच अंगावर आली. समाधानने धावत जाऊन ती धरली. मोकळी, एकटी गाडी होती ती. हौद्यात एक पोतंही नव्हतं.

आबा तिथेच फरशीच्या कडेवर बसले. तळहातांकडे बघत राहिले.

"जाडच टाक," शेवटी ते म्हणाले. "वावरले कामना येतीन."

समाधानने सुटकेचा श्वास सोडला. "मी काय सांगी राहिंतू मंग?"

"यंदा दोर तू बांध."

"मी? माले काय समजस त्यामातलं!"

"मनाघाई गाडी हालत नही, दखं ना तू. दुसराले कसाले सांगू? नवस तुना पोरना शे."

समाधान हसायला गेला. देवळाबाहेर चपला राखत बसणारा, भगताच्या घरात राहून अंगाऱ्याला राख म्हणणारा माझा नवरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि ते हसू तोंडातच राहिलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मीच भीतीने गार पडले होते.

तो आत गेला. मी मागोमाग गेले. टॅब मोहिनीच्या हातात होता आणि जाड चाकांवर खूण झालेली होती.

"ते काढा," समाधान म्हणाला. "बारीकवाले टाका."

"पण सर, तुम्हीच म्हणालात, शेतात..."

"टाका म्हणतो ना!"

शोरूममध्ये एसी होता, तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मोहिनीने खूण बदलली. माझा मोबाइल वाजला. "मॅडम, ओटीपी आला असेल. तो सांगितला की ऑर्डर पक्की."

आला होता. पहिल्या पावसात बांधावर रुतलेली आमची पांढरी गाडी मला स्पष्ट दिसत होती, आणि हौद्यात नासत चाललेली भेंडीसुद्धा. बाहेर आबा अजून तसेच बसले होते.

मी आकडे वाचून दाखवले. घाईघाईने, मला कुणी थांबवायच्या आत.