निळी रिबीन

रिबीन दोन सेंटिमीटर रुंद होती. उन्हाच्या बाजूने ती राखाडी पडली होती. गाठीच्या आत मात्र पहिल्या दिवसाइतकीच निळी. केळफूल बाहेर आलं की त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन दांड्याला बांधायची, म्हणजे घडाचं वय कळतं. आमच्या बागेत दुहेरी गाठ फक्त हरीओम मारायचा.

निळा हा दिवाळीनंतरच्या आठवड्याचा रंग. त्या आठवड्यात हरीओमने, माझ्या भावाने, त्र्याण्णव घडांना रिबीन बांधली, आणि शनिवारी मंगरूळपीरहून येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. पुढच्या आठवड्याची लाल रिबीन मी बांधली. मला एकेरीच गाठ येते.

त्याला चौदा आठवडे झाले. आखातात जाणारं केळं हिरवं पण भरलेलं लागतं. जाडी बेचाळीस ते सेहेचाळीस मिलिमीटर. कॅलिपर लावून मोजणी मी करते. एमएस्सी होऊन परत आल्यापासून माझ्या आकड्यावर इथे कोणी शंका घेतलेली नाही. मागच्या गाडीच्या वेळी निळ्या घडांची जाडी त्रेचाळीस होती. मी माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीला फोनवर चाळीस सांगितली. परवा पंचेचाळीस भरली. मी एक्केचाळीस सांगितली. आईलाही तेच. ती रोज सकाळी बागभर विखुरलेले निळे घड शोधून त्यांच्यावरच्या पिशव्या सारख्या करायची. तिला तसं बघितलं की माझ्या तोंडून खरा आकडा निघत नसे.

आज कंपनीचा पवन स्वतःच आला. कापणारी टोळी त्याच्यासोबत होती. माणसं कापलेले घड ठेवायच्या फोमच्या गाद्या पसरून बांधावर बसली.

"ताई, तुमचा कॅलिपर शिवरात्रीचा उपास धरून राह्यला काय? पंधरा दिवस झाले, अंगच धरून नाई राह्यला!"

मी हसले नाही. त्याने खिशातून आपला कॅलिपर काढला, जवळच्या निळ्या घडाच्या मधल्या केळ्याला लावला, पुसून पुन्हा लावला.

"सेहेचाळीस," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "तुमी तर कधी चुकत नाई, ताई."

"चुकले नाही."

त्याने वर दांड्याकडे पाहिलं. गाठ पाहिली. हरीओमबरोबर त्याने या बागेत दोन वर्षं काढली होती. कॅलिपर त्याने खिशात टाकला.

"पुढची गाडी नऊ दिवसांनी हाय. थांबलं तर हे घड गेले समजा."

पानं बाजूला सारत आई आली. पदराखालून तिने हात काढला. तळव्यावर एक पिवळं केळं होतं.

"विहिरीजवळचा निळा घड," ती म्हणाली. "कालपासून."

एक केळं पिकायला लागलं की त्यातून निघणारा वायू शेजारच्यांनाही पिकवतो. बंद कंटेनर, बारा दिवसांचा समुद्र. हे मी कोणालाही पाच मिनिटांत समजावून सांगू शकते. आईने ते कधी विचारलं नव्हतं.

"आई, तुले ठाऊक होतं?"

"तू चाळीस म्हणशीन तर केळं चाळीसचं होते काय, बाई? मले डोळे नाईत?"

"मंग बोलली काहून नाई?"

"तू म्हणशीन म्हणून थांबली." तिने केळं दुसऱ्या हातात घेतलं. "मले म्हणवत नाई, वैभवी. त्याचा हात लागलेलं आता दुसरं काय हाय या बागेत?"

पवन पाठ करून उभा राहिला. टोळीतलं कोणी कोयत्याला धार लावत होतं, ते थांबलं.

मी गाठ सोडवायला गेले. नखांनी ती सुटली नाही. मी हात काढून घेतला.

"पवनभाऊ, टोळीले बोलवा," मी म्हटलं. "निळे घड कापायचे. ब्याण्णव. विहिरीजवळचा राहू द्या."