हात लावू नये

मी एक जुनी कळ आहे. बोटाच्या पेराएवढी, काळी, कडेला बारीक खाचा असलेली. एका दोन माणसी विलायती स्पोर्ट्स गाडीच्या डॅशबोर्डवर माझी जागा आहे. मला उजवीकडे फिरवले की तबकड्यांमागचे दिवे प्रखर होतात, डावीकडे फिरवले की मंद. माझ्या पोटात तारेचे एक वेटोळे आहे आणि त्यावरून सरकणारी पितळेची एक जीभ. एवढेच माझे शरीर. मित्रांनो, एवढे समजून घ्यायला माणसांना नऊ वर्षे लागली. तेव्हा मी माणसांविषयी फार आदराने बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

ज्या कारखान्यात मी घडले तिथे एक बाई दिवसभर अशी वेटोळी गुंडाळत असे. गुंडाळता गुंडाळता ती शेजारणीला आपल्या जावेच्या कागाळ्या सांगे. माझे वेटोळे किंचित तिरके आहे ते त्या जावेमुळे. पण ते आजवर तुटलेले नाही. पुढे जे तज्ज्ञ माझ्या वाट्याला आले, त्यांच्यापेक्षा त्या बोलघेवड्या बाईला काम कितीतरी जास्त येत होते.

गाडी घेतली ती एका मोजणीदाराने. तो दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायचा आणि संध्याकाळी बायकोला घेऊन फिरायला निघायचा. बायको शाळेत गणित शिकवत असे. तिला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. त्याला तबकड्या लखलखीत लागत. बाईंच्या डोळ्यांत तो उजेड जाई. तो मला उजवीकडे फिरवी. चौक ओलांडायच्या आत बाईंचा हात येई आणि मला डावीकडे फिरवी.

"रस्ता बघा. काटे काय बघताय?"

"ऑइलचा काटा पडला तर इंजिन जळेल. मग बस रस्ता बघत."

"काटा पडला तर मी सांगेन. मला अंधारात दिसतं. तुम्हाला उजेडातही दिसत नाही."

बाई चालवायला बसल्या की उलट होई: त्या मंद करीत, तो प्रखर करी. बावीस वर्षे हेच चालले. दोन शिकलेली माणसे एका कळीवरून भांडतात, याची मला कीव येत असे. तेव्हा मला वाटे, ही माणसे मला झिजवून टाकणार. तेवढी एक चूक माझीही झाली, हे मी आधीच कबूल करते.

मोजणीदार गेला. बाई गाडीकडे बघेनात. मग त्यांचा धाकटा दीर पुढे आला. तो दातांचा डॉक्टर. "वहिनी, दादाची आठवण आहे. मी सांभाळतो," असे म्हणून तो गाडी आपल्या गॅरेजात घेऊन गेला.

सांभाळणे म्हणजे काय, याची या गृहस्थाची कल्पना ऐका. दर रविवारी तो गाडी पुसे. मऊ फडक्याने पत्रा, निराळ्या फडक्याने लाकूड, आणि माझ्या खाचांसाठी लहान मुलांचा दात घासायचा ब्रश. दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवी, डोळे मिटून ऐके आणि बंद करी. मग माझ्याखाली त्याने सुवाच्य अक्षरात एक पट्टी चिकटवली: हात लावू नये. पाहुणे येत, वाकून बघत, "काय ठेवलीये हो," म्हणत. मी चकाकत होते. आणि आत, जिभेखाली, हिरवा गंज धरत होता. ज्याने जन्मभर लोकांच्या दातांच्या आत बघितले, त्याला माझ्या आत बघावेसे एकदाही वाटले नाही.

नऊ वर्षांनी बाईंनी चालवण्याचा परवाना नवा करून घेतला. वय अडुसष्ट. डोळ्यांची तपासणी पहिल्या फटक्यात पार. त्या गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, गाडी न्यायला आलेय."

डॉक्टरच्या हातातले फडके गळाले. "वहिनी, आता या वयात? आणि डॅशबोर्डचे दिवे लागत नाहीयेत. शनिवारी सरकारी तपासणी आहे. दिवे नसले की नापास. नापास झाली की रस्त्यावर काढता येणार नाही." मग तो म्हणाला, "एक हॉटेलवाला विचारतोय. दारातच काचेच्या खोलीत ठेवतो म्हणतो. मानाने राहील."

बाईंनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "पास झाली तर मी चालवणार. नापास झाली तर न्या तुमच्या काचेत."

काचेची खोली. म्हणजे मला पुन्हा कोणी कधी फिरवणार नाही. मी घाबरले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग वायरिंगवाला आला. खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात न संपणारे ज्ञान. पहिल्या दिवशी त्याने सगळे बल्ब बदलले. दिवे लागले नाहीत. जुने बल्ब चांगले होते, हे त्याने खिशात टाकण्याआधी तपासले नाही. दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलला. तिसऱ्या दिवशी अर्थिंगची तार घासून पांढरी केली. शेवटी त्याने तपासायचा दिवा काढला, जे त्याने पहिल्या दिवशी करायला हवे होते, आणि एकेक तार धरत माझ्यापर्यंत आला. माझ्या अलीकडे दिवा पेटला. पलीकडे पेटला नाही.

आता तरी कळेल असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले.

"इथवर करंट येतो, डॉक्टरसाहेब. ही कळ जरा फिरवून—"

"हात नको. दादाच्या वेळची आहे ती. पट्टी वाचा."

वायरिंगवाल्याने पट्टी वाचली. मान डोलावली. "मग सगळं वायरिंगच काढावं लागेल. महिना धरा." ज्याला एक कळ फिरवायचे धैर्य नाही, तो चारशे हात तार उपटायला लगेच तयार होतो. हा माणसांचा नियमच असावा.

शुक्रवारी दुपारी बाई आल्या. तबकड्यांमागचा दिवा लागलाच तर अंधारात दिसावा म्हणून डॉक्टरने शटर खाली ओढले होते. बाई चालकाच्या जागी बसल्या. वायरिंगवाला मागे उभा होता, आणि डॉक्टर खिडकीशी वाकून महिन्याचा हिशेब समजावू लागला.

बाई ऐकत नव्हत्या. दिव्याचा खटका ओढून त्यांनी सवयीने हात लांब केला. बोट पट्टीवरून गेले, माझ्यावर टेकले, आणि त्यांनी मला डावीकडे फिरवले. खरकन आवाज झाला.

"वहिनी, अहो पट्टी—"

"भावजी, एक सांगा. नऊ वर्षांत हिला कोणी फिरवलं?"

"कोणीच नाही. मी कोणाला बोट लावू दिलं नाही," डॉक्टर अभिमानाने म्हणाला.

"तेच म्हणतेय." त्यांनी मला उजवीकडे फिरवले. डावीकडे. उजवीकडे. जीभ गंजावरून घासत होती, मला दुखत होते आणि मला ते थांबायला नको होते. दहाव्या की अकराव्या फेरीला ऑइलच्या तबकडीमागे काहीतरी लुकलुकले. पंधराव्या फेरीला सगळ्या तबकड्या उजळल्या.

वायरिंगवाला म्हणाला, "लूज कॉन्टॅक्ट. मी म्हणतच होतो." डॉक्टरने खिशातून फडके काढले आणि पुन्हा खिशात ठेवले.

मित्रांनो, शनिवारी आम्ही पास झालो. तुमच्याही घरी एखादी वस्तू असेल, जिच्यावर प्रेम म्हणून कोणी असली पट्टी चिकटवली असेल. ती पट्टी सोलून काढा. मला चकाकवणाऱ्याने आंधळी केले, आणि मला जे दोघे भांडून भांडून फिरवत होते, ते नकळत मला रोज घासून साफ ठेवत होते. हे समजायला मलाही नऊ वर्षे लागली, म्हणजे अकलेत मी त्या वायरिंगवाल्याच्या फार पुढे नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाई एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. दिवे लावले. सवयीने मला मंद केले. मग चौक येण्याआधी त्यांचा हात पुन्हा आला, आणि त्यांनी मला उजवीकडे, शेवटपर्यंत फिरवले.