फेकून दिलेलं पाणी

पंचशीलाच्या हाताला चव होती. मुदखेडातलं वेल्डिंगचं दुकान बंद पडलं, नवऱ्याचं, रविकांतचं, काम सुटलं, तेव्हा घरात ज्वारी, रेशनचा तांदूळ, तुरीची डाळ, हुलगे आणि परसातली अंबाडी एवढंच राहिलं. तेवढ्यावर तिनं वर्ष काढलं. अंबाडीत कण्या नि मूठभर डाळ घालून वर लसणाची फोडणी द्यायची, नाहीतर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायची. भाताची पेज, डाळीवरचं पाणी, कोथिंबिरीच्या काड्या, काही म्हणता काही वाया जात नसे. लेक महामाया ताट पुसून उठायची. त्या दिवसांत कुणी कीव केली की पंचशीलाला नवल वाटायचं.

मग रविकांतच्या पायांवर सूज आली. नांदेडला तपासलं, तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट होतं. आठवड्यातून दोनदा सकाळच्या रेल्वेनं जायचं, दिवेलागणीला परतायचं. पण आहार सांगणाऱ्या बाईंनी कागद पुढं ओढला आणि एकेक नाव पेनानं खोडलं. अंबाडी बंद. डाळ चमचाभर. हुलगे, शेंगदाणे नको, ज्वारीपेक्षा भात बरा. भाजी भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे किडनीला न झेपणारं पोटॅशियम त्याबरोबर जातं. रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग द्यायचा.

"बाई, हेच तर आमचं जेवण हाय," पंचशीला म्हणाली. "मग खाऊ काय घालू?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तोच कागद पुन्हा सावकाश वाचून दाखवला.

रेशनचा तांदूळ होता. दुधी, दोडका मिळेल तसा ती आणायची, उकळायची आणि सगळा कस उतरलेलं ते पाणी मोरीत ओतायची. पहिल्यांदा ओतताना तिचा हात अडला होता. अंडी कधी असायची, कधी नसायची. घरात वास नको म्हणून तिनं स्वतःसाठी आणि लेकीसाठीही अंबाडी करणं सोडलं. रविकांत चार घास खाऊन ताट सारायचा. तक्रार करायचा नाही.

भादव्यात एका दुपारी तो म्हणाला, "शीला, वाटीभर अंबाडी दे. एकदाच."

तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा मागितली नाही, पण दोन दिवस तो जेवलाही नाही. त्याच आठवड्यात दवाखान्यातलं मशीन बिघडून त्याची डायलिसिसची एक पाळी हुकली होती. तिसऱ्या दिवशी त्याचे गळालेले हात बघून तिनं अंबाडी शिजवली. दोन चमचे वाढायचे असं ठरवलं होतं. त्यानं पुन्हा ताट पुढं केलं तेव्हा तिला थांबवता आलं नाही. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला, महामायाशी हसून बोलला.

सकाळी त्याला उठता येईना. पायांत जीवच नव्हता. जीपनं नांदेड गाठलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. तिनं लपवलं नाही.

"माझ्यामुळंच झालं का साहेब?"

डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात पोटॅशियम वाढलंय; ते अंबाडीनं झालं असेल, हुकलेल्या पाळीनंही झालं असेल; नक्की सांगता येत नाही. ते तिच्यावर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सहा दिवसांनी रविकांत घरी आला. आता तो पानात काय आहे ते न बघताच खातो. ती वाढते आणि तो जेवेस्तोवर चुलीकडं तोंड करून बसते. कसं झालंय, असं ती विचारत नाही.