सुधारणा नाही

वाडीतले जाणते कोंडाजी आबा यांनी गावकी बसवली ती अनिल वाडीत नसताना. त्यात डाव काही नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर असलेल्या त्या वाडीत बाहेरच्या माणसाला द्यायचे उत्तर घराघरांतून वेगळे जात नसे. देवळाच्या सभामंडपात बसून ते एकदा ठरले की सगळ्या उंबऱ्यांचे एकच. या खेपेचा विषय होता युवा केंद्राची प्रश्नावली.

केंद्र मुंबईच्या एका संस्थेचे होते आणि ते चालवणारा अनिल रसायनशास्त्राचा पदवीधर होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे नमुने तपासून तो या कामाकडे वळला होता. वाडीतल्या चोवीस मुलामुलींना तो दोन वर्षे प्रथमोपचार, बँकेचे व्यवहार आणि चारचौघांत उभे राहून बोलणे शिकवत होता. केंद्र पुढे चालवावे की नाही, हे संस्था आता मुलांच्याच उत्तरांवरून ठरवणार होती. चालले, तर दहावी झालेल्या मुलींसाठी महाडात वसतिगृह निघणार होते. केंद्रात येणारी अक्षदा दहावी झाली होती. तिला मुंबईत कामाला असलेल्या मुलाचे स्थळ सांगून आले होते, आणि तिचे वडील भागोजी यांनी अनिलला स्पष्ट सांगितले होते, ‘‘वसतिगृह निघालं तर शिकू दे पोरीला. नाय निघालं तर मी किती दिवस थांबवू त्या लोकांना?’’

ज्याचे काम तपासायचे त्याने तपासणीच्या वेळी तिथे असू नये, हा नियम संस्थेचा नव्हता. अनिलने तो स्वतः आग्रहाने लावून घेतला होता. प्रश्नावली आली त्या आठवड्यात म्हणून तो महाडात राहिला.

परतला तेव्हा कोंडाजी आबा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते.

‘‘सर, काळजी सोडा. केंद्र कुठं जात नाय आता.’’

‘‘म्हणजे काय केलंत, आबा?’’

‘‘पोरांना बसवून सांगितलं. काय बी सुधारलं नाय, असंच लिवा. दारिद्र्यरेषेच्या पाहणीला काय झालं, इसरलात? भिकूनं ऐट मारत सायबाला नव्या लोखंडी खाटंवर बसवला. गेलं पिवळं कार्ड. सुधारलो म्हणालं की नाव कापतात.’’

शेजारी बसलेला भिकू म्हणाला, ‘‘साहेब बसला म्हणून गेलं. उभा ठेवला असता तर राहिलं असतं.’’ आबा हसले. अनिलला हसता आले नाही.

दुसऱ्याच दिवशी तो पोलादपूरला उतरला. मूल्यमापनासाठी आलेल्या नूतन मॅडम विश्रामगृहात उतरल्या होत्या. त्यांनी त्याचे सगळे ऐकून घेतले.

‘‘उत्तरं खरी नाहीत, असं तुमचं म्हणणं.’’

‘‘हो. ती गावकीत ठरलेली आहेत.’’

‘‘समजा, सगळ्यांनी ‘खूप सुधारणा’ असं लिहिलं असतं. तर ती गावकीत ठरली का, हे विचारायला तुम्ही इथवर आला असतात?’’

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी बसून त्यानेही तोच विचारला असता. निकाल हाती आल्यावर नमुना दूषित होता असे म्हणणाऱ्यांवर त्याने स्वतः कधी विश्वास ठेवला नव्हता.

‘‘मुलांपैकी एकेकाशी पुन्हा बोलता येईल का?’’ त्याने विचारले.

‘‘वेळ संपली आहे. तुमचं म्हणणं मी टिपेत घालीन.’’

टीप घातली गेली. निर्णय बदलला नाही.

तो सांगायला मॅडम स्वतः वर वाडीत आल्या. त्या सभामंडपात उभ्या राहिल्या आणि कोणालाही न दुखवता बोलल्या. तेवीस जणांनी ‘काहीच सुधारणा नाही’ असे लिहिले आहे. ‘खूप सुधारणा’ असे एकाच कागदावर आहे. एवढ्या आधारावर केंद्र पुढे चालवता येणार नाही.

कोंडाजी आबांनी विचारले, ‘‘एक कोण?’’

कागदांवर नावे नव्हती. अक्षदा गप्प बसली असती तर कोणालाही कळले नसते. ती उठली.

‘‘मी, आबा. मला जे वाटलं ते लिवलं.’’

हात बाजूला, नजर समोर, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी परक्या माणसापुढे या मुलीच्या तोंडून स्वतःचे नावही निघत नसे. अनिलने मॅडमकडे पाहिले. त्या खाली वाकून पिशवीत कागद भरत होत्या.

‘‘बघा,’’ आबा शांतपणे म्हणाले. ‘‘एकीनं लिवलं आन बंद पडलं.’’

‘‘आबा, उलट आहे. तेवीस जणांनी नाही म्हटलं म्हणून...’’

‘‘तेवीस जणांनी सांगितलेलं ऐकलं, सर. जिनं ऐकलं नाय तिच्यामुळं झालं. भिकूच्या घरात तरी खाटा किती होत्या? एकच ना?’’

या तर्काला भोक पाडणे शक्य नव्हते. निकाल कसाही लागला असता तरी तो त्यात चपखल बसला असता. भागोजी उठले आणि घराकडे गेले. दोन दिवसांनी मुलाकडचे लोक येऊन पसंती सांगून गेले.

केंद्राचे सामान बांधायला अक्षदा आली. सतरंज्यांच्या घड्या करता करता तिने विचारले, ‘‘सर, माझ्यामुळंच ना?’’

‘‘नाही. अजिबात नाही. सगळ्यांनी तुझ्यासारखं लिहिलं असतं तर केंद्र राहिलं असतं.’’

‘‘आन मी त्यांच्यासारखं लिवलं असतं तर?’’

‘‘तरी बंदच झालं असतं.’’

‘‘ते कसं कळायचं, सर? तसं करून कुठं बघितलंय?’’

करून पाहिल्याशिवाय काही मानू नका, हे तिला त्यानेच शिकवले होते. त्याने सरासरी म्हणजे काय ते समजावले, चोवीसांत एकाचे वजन किती ते सांगितले. ती मान हलवत होती. मोठे माणूस बोलत असताना हलवतात तशी, आदराने. तिने शेवटची सतरंजी गठ्ठ्यावर ठेवली आणि दोरी पुरते का ते पाहिले.

‘‘खरं सांगू, सर? बायांनी पाणवठ्यावर माझ्याशी बोलणं सोडलंय. ते सोसंल. पण बारकी पोरं इचारतात, केंद्र का घालवलंस. त्यांना काय सांगू?’’

खालच्या वाटेवरून भागोजींची हाक आली, ‘‘चल गो, पावणे खोळंबलेत.’’ अनिलने उत्तर जुळवेपर्यंत ती निम्मा उतार उतरून गेली होती.