पेटीतला थोरला दादा

माझी बायको लानफेन जाऊन चौदा महिने झाले. गेल्या बुधवारी लेखिका तिएन चिंग लानफेनवर लिहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित घेऊन घरी आली. मी शेवया उकडल्या आणि वर मिरचीचं तेल घातलं.

आमच्या नाटक मंडळीत लानफेन आईच्या भूमिका गायची आणि मी सामानाच्या पेट्या सांभाळायचो, एकतीस वर्षं. तिच्या गाण्याची एकही धड टेप नाही. आता ती उरणार ती या पुस्तकात.

"काका, तुम्ही खोडाल ते जाईल," चिंग म्हणाली. "पण नायिकेचं मरण मी रंगमंचावरच ठेवलंय. आधीच सांगते."

"लानफेन तर घरी, पलंगावर गेली."

"माहीत आहे. पण जिल्ह्याचं नाट्यगृह यावर नाटक बसवणार आहे. पलंगावरचं मरण बघायला कोण येईल?"

"ठेव. तिला आवडलं असतं."

तपासणारा म्हणून पुस्तकात माझं नाव छापणार होते. गे नावाचा आमचा ढोलवाला आधीच म्हणाला होता, "एक जरी चूक राहिली ना, तर चहाच्या दुकानात तुला वर्षभर पुरवून पुरवून हसू."

म्हणून मी नीट वाचलं. खोट्या दाढ्या कुठल्या खुंटीला, मुकुट कुठल्या पेटीत, अशा अकरा चुका सुधारल्या. मग ते पान आलं. प्रयोग संपल्यावर नायिका बाळाची लाकडी बाहुली पेटीत उताणी ठेवते आणि झाकण लावते.

त्या बाहुलीला आम्ही थोरला दादा म्हणतो. प्रयोगाआधी सगळे त्याला हात जोडतात. पेटीत तो कायम पालथा. उताणा ठेवला तर उठून प्रयोग मोडतो, असं मानतात. दारू प्यायलेला नटसुद्धा ही चूक करत नाही.

"चुकलंय ना? तुमचा चेहराच सांगतोय," चिंगने पेन्सिल उचलली.

आम्हाला मूल झालं नाही. शेवटच्या आजारात लानफेन म्हणाली, "दादाला एकदा घरी आण." नियमात बसत नव्हतं. तरी मी त्याला माझ्या जाड कोटात गुंडाळून आणलं. तिने त्याला रजईत, शेजारी घेतलं. मी सवयीने पालथं करायला गेलो.

"राहू दे. गुदमरेल."

"लाकडाचं आहे ते."

"कशाचं आहे ते मला सांगतोस? तीस वर्षं मीच कडेवर घेतलंय."

नऊ दिवस तो तिच्याशेजारी उताणा होता. ती गेली त्या दिवशी मी त्याला पेटीत परत ठेवलं, पालथं. कुणाला काही बोललो नाही.

"काका?"

"राहू दे तसंच."

"पण हे लिहून झाल्यावर गे काका म्हणाले, पालथाच ठेवतात. ते चुकतायत का?"

"गे बरोबर सांगतोय."

"मग?"

"तरी राहू दे."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"सगळी मंडळी तुम्हालाच हसतील. एकतीस वर्षांच्या पेटीवाल्याला एवढंही कळलं नाही म्हणून."

"हसू देत," मी म्हणालो आणि व्हिनेगरची बाटली तिच्यापुढे सरकवली. "खा. शेवया गार झाल्या."